अकरा रेघा

दस्तगीर रद्दी किलोवर तोलतो,
माझं तेवढं बाजूला काढून ठेवतो.
"घ्या की मास्तर, खरं भाव करू नका.
कॅम्पातल्या बंगल्यातलं आहे, म्हातारी मडम वारली."
चर्चची पत्रकं, मेसच्या दारूची बिलं,
आणि परवाच्या पेपरात गुंडाळलेला
गोकाकचा धबधबा,
तळहाताहून जरासा मोठा.

कागदाच्या कडेनं अंगठा फिरवला.
तांब्याच्या पाटीनं दाबलेली बारीक पायरी लागली.
अस्सल.
डोळे फसतात.
एकोणचाळीस वर्षं खिळे जुळवलेत या अंगठ्यानं,
डाव्या केसमध्ये मराठी, उजव्या केसमध्ये कानडी,
अंधारातसुद्धा कधी घर चुकला नाही.

खाली डावीकडं काढणाऱ्याचं नाव, उजवीकडं कोरणाऱ्याचं.
कोरणारा इकडं आलेला नसणार.
पाणी बरोबर आहे, पाणी कुठंही तसंच पडतं,
झाडं मात्र त्याच्या गावची.
आणि कडेच्या खडकावर एक माणूस.
उंची कळावी म्हणून उभा केलेला.
मुंडासं घातलेली फूटपट्टी.

भिंगाखाली मोजला.
मुंडाशाला तीन रेघा, पाठीला दोन, धोतराला चार,
हाताला एक, काठीला एक.
तोंडाला नाही.

रात्री शेवंतानं खळ शिजवली, चिमूटभर मोरचूद घालून.
फाटका कोपरा चिकटवताना म्हणाली,
"ह्याला घरी कुणी वाट बघत असतील की."
मी काही बोललो नाही.
माझ्याकडं एक लिलावाचं पत्रक आहे, पलटणीच्या छापखान्यातलं.
साहेब विलायतेला निघालेला.
घोडी डचेस, वय सात. कुत्री दोन, नावांसकट.
पियानो, एक पाय दुरुस्त केलेला.
शेवटच्या ओळीत, बारीक टायपात:
मोतद्दार, प्रामाणिक, शिफारस मिळेल.
एवढंच.
टाईप सुंदर आहे, हे मला सांगायलाच हवं.
अक्षरांमधलं अंतर कुठं ढळलेलं नाही.

नकाशाही आहे एक.
वकील हलगेकर आले, पिवळा रंग कुठवर आहे ते बघायला.
आठ दिवसांनी बसवंतप्पा मास्तर आले, गुलाबी कुठवर ते बघायला.
दोघांनी तेच भिंग मागितलं,
दोघांचं बोट एकाच गावावर थांबलं.
तिथं रंग नदीत ओघळलाय.
ब्रश धरणारं पोर असेल कुणी,
संध्याकाळ झाली असेल, पेंग आली असेल.
चहा दोघांनाही दिला. नकाशा दिला नाही.

श्रावणात गोकाकची बस धरली.
चित्र प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक टॉवेलात, टॉवेल पिशवीत.
गिरणीचा भोंगा, झुलता पूल, कणसं भाजणाऱ्या बायका,
आणि ते गढूळ तांबडं पाणी,
जे काळ्या शाईत कधी छापताच आलं नसतं.
खडक शोधत हिंडलो.
कुठला तो, सांगणं कठीण.
खडकही त्यानं घरी बसून बनवला असेल.
एकावर चढून बघितलं, इथून धबधबा तसाच तिरका दिसतोय का.

मागून हाक आली.
कॉलेजची पोरं, मोबाईल वर धरलेला.
"अज्जार, स्वल्प अल्ली निंदर्री!"
मग माझ्या चेहऱ्याकडं बघून, मराठीत,
"आजोबा, जरा तिथंच थांबा.
पाणी किती उंच आहे ते कळू दे."

थांबलो.
काठी नव्हती, छत्री होती, ती टेकवली.
पिशवी पोटाशी धरली.
तोंड कुणीकडं करावं
हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.